नादाचें रूप दाखविणारा क्लाड्नी

काचेचा पातळ पेला घेऊन त्यांत अर्धें पाणी ओतावें, बोट भिजवावें आणि तें पेल्याच्या कांठावरून हळूहळू फिरवावें. क्षणभरानें पेला गाऊं लागतो. हा खेळ आमच्या बालवाचकांपैकीं बहुतेकांनीं जेवतांना केव्हां तरी केला असेल, आणि त्याबद्दल घरच्या वडील माणसांचीं बोलणींहि खाल्लीं असतील. आपल्याकडील जलतरंगांत चिनी मातीच्या वाट्यांवर काडीनें आघात करितात. त्यामुळें स्वर उमटतो आणि उमटतांच विरूं लागतो. घासून काढलेला स्वर मात्र बोट फिरत आहे तोंवर टिकतो, चढवितां येतो, मंद करितां येतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपांतील लोकांना या काचेच्या स्वराचें मोठें वेड लागलें होतें. अमेरिकेचे प्रसिद्ध बेंजामिन फ्रँक्लिन यांनीं १७६१ सालीं लहानमोठ्या काचेच्या वाट्या एका आडव्या दांड्यावर ओवून, तो दांडा पायानें फिरवीत ओल्या बोटांनीं वाजवावयाचें एक वाद्य तयार केलें. आणि मोझार्टनें आपल्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षीं, म्हणजे १७९१ सालीं, त्याकरितां संगीतरचनाहि केली. नवीं वाद्यें शोधून काढण्याच्या नादीं लागलेले लोक त्या काळीं पुष्कळ होते. त्यांपैकीं बहुतेकांचीं नांवें त्यांच्या वाद्यांबरोबरच लोपलीं. एकाचें मात्र जगभर राहिलें. त्याचीं वाद्यें आज कोणी वाजवीत नाहीं. तरी पदार्थविज्ञानाच्या वर्गांत त्याचें नांव घेतल्यावांचून नादाचा धडा पुरा होत नाहीं. त्याचेंच चरित्र आम्ही येथें सांगणार आहों.

अर्न्स्ट फ्लोरेन्स फ्रीड्रिख क्लाड्नी याचा जन्म जर्मनींतील विटेनबर्ग या गांवीं ३० नोव्हेंबर १७५६ रोजीं झाला; मोझार्टहि त्याच वर्षीं जन्मलेला. क्लाड्नीचें घराणें मूळचें हंगेरीच्या राज्यांतील. पूर्वजांपैकीं एक धर्मोपदेशक होते. धर्ममतामुळें छळ होऊं लागला तेव्हां देश सोडून ते जर्मनींत आले. पुढच्या पिढ्या विद्येंत रमल्या. आजोबा धर्मशास्त्राचे पंडित आणि वडील विटेनबर्गच्या विद्यापीठांत कायद्याचे प्राध्यापक. घरांत ग्रंथ विपुल, परंतु शिस्त अतिशय कडक. मुलानें घराबाहेर मोकळेपणीं पाऊल टाकावें, सोबत्यांबरोबर हुंदडावें, हें वडिलांस मान्य नव्हतें. मुलगा खिडकीपाशीं बसून नकाशे पाही, प्रवासवर्णनें वाची आणि मनानेंच दूरदूरच्या देशांत हिंडे. ज्यानें पुढें आयुष्याचीं तीसांहून अधिक वर्षें गाडीच्या चाकांवर घालविलीं, त्याचें बालपण चार भिंतींच्या आंत गेलें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. आपणांवर घातलेल्या बंधनांनींच आपल्यांत भटकण्याची ओढ उत्पन्न झाली, असें तो पुढें स्वतःच सांगत असे.

चौदा वर्षांचा झाल्यावर त्यास ग्रिमा येथील शाळेंत ठेवण्यांत आलें. तेथेंहि मोकळीक फारशी मिळाली नाहीं. वैद्यक शिकावें अशी त्याची इच्छा होती. वडिलांनीं कायदा शिकण्याची आज्ञा केली. आज्ञा मोडण्याचा विचार त्याच्या मनाला शिवला नाहीं. विटेनबर्ग आणि लाइप्झिग येथें त्यानें कायद्याचा अभ्यास मनापासून केला, आणि १७८२ सालीं पदवी मिळविली. त्याच वर्षीं वडील वारले.

येथें या तरुणाच्या आयुष्यांतील खरा पेंच उभा राहिला. वय पंचवीस. कायद्याची पदवी हातीं आहे, वडिलांचें नांव आहे. त्याच वाटेनें गेल्यास पोटाची चिंता नाहीं. घरीं सावत्र आई आहे, तिचा भार आपणांवरच आहे. मनाची ओढ मात्र सृष्टिशास्त्राकडे. वडील हयात असेपर्यंत ज्यानें ब्रहि काढला नाहीं, त्यानें आतां कायदा सोडला. वडिलांच्या पश्चात् त्यांची इच्छा मोडणें योग्य कीं अयोग्य, याविषयीं आमच्या वाचकांत दोन मतें पडतील. आमचें मत असें कीं, सावत्र आईचा भार त्यानें टाकला नाहीं, एवढें पाहून त्याला दोष देण्याचें कारण उरत नाहीं. परंतु या निश्चयाची किंमत त्याला जन्मभर मोजावी लागली. विटेनबर्गला त्यानें भूगोल, गणित इत्यादि विषयांवर व्याख्यानें दिलीं. पण प्राध्यापकाची कायमची जागा तेथें, किंवा दुसऱ्या कोठेंहि, त्याला शेवटपर्यंत मिळाली नाहीं.

वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं तो पियानो शिकूं लागला होता. संगीत शिकण्यास हें वय उशीराचेंच. परंतु उशीरां शिकणाऱ्याला लहान मुलापेक्षां प्रश्न अधिक पडतात. स्वर कसे उत्पन्न होतात, यावर त्यानें मिळतील ते ग्रंथ वाचले. ताणलेल्या तारेचें व बांसरींतील हवेचें कंपन कसें होतें, याचें गणित बर्नुली, ऑयलर इत्यादि पंडितांनीं केलेलें होतें. पण घंटा कशी वाजते? थाळीवर टोला मारला असतां तिचा कोणता भाग हलतो व कोणता स्थिर राहतो? याविषयीं ग्रंथांत जवळजवळ कांहींच नव्हतें. ज्या शेतांत पूर्वी कोणीं नांगर घातलेला नाहीं, तेथें गरीब माणसालाहि पीक काढतां येईल, असें पाहून क्लाड्नीनें हाच विषय धरला.

प्रथम त्यानें काचेचे व धातूचे पत्रे हातांत धरून निरनिराळ्या जागीं ठोकून पाहिले. टोल्याचा आवाज फार लवकर विरे, म्हणून तपास नीट होईना. इतक्यांत इटलींतील एका गृहस्थानें काचेच्या घंटांवर फिडलचा गज ओढून स्वर काढल्याची वार्ता त्याच्या वाचनांत आली. त्यानें लागलीच पितळी पत्र्याच्या कडेवर गज ओढला. स्वर टिकूं लागला! परंतु स्वर कानाला कळतो. पत्र्याचा कोणता भाग हलतो तें डोळ्याला कसें कळावें? गटिंगेनचे प्राध्यापक लिख्टेनबर्ग यांनीं १७७७ सालीं विजेनें भारलेल्या राळेच्या वडीवर बारीक भुकटी टाकून ताऱ्यासारख्या सुंदर आकृति उठविल्या होत्या. भुकटी जर विजेचें रूप दाखविते तर नादाचें कां दाखविणार नाहीं, असें क्लाड्नीच्या मनांत आलें. त्यानें पत्र्यावर थोडी वाळू पसरली आणि कडेवर गज ओढला. वाळू नाचूं लागली, सैरावैरा पळाली, आणि कांहीं क्षणांत ठराविक रेषांवर येऊन शांत बसली. पत्र्यावर एक रेखीव आकृति उभी राहिली होती.

याचें कारण समजण्यास अवघड नाहीं. पत्रा कंप पावतो तेव्हां त्याचा कांहीं भाग वर उचलला जातो, त्याच क्षणीं शेजारचा भाग खालीं जातो. आणि या दोहोंच्या सीमेवर जी रेषा असते ती हलत नाहीं. हलणाऱ्या भागावरचे कण उडविले जातात आणि उडत उडत त्या स्थिर रेषेवर आले कीं तेथें विसांवतात. म्हणून वाळूची रेघ म्हणजे पत्र्याच्या स्तब्ध भागाचा नकाशा होय. आमच्या प्रयोगशाळेंत आम्हीं हा प्रयोग वरच्या वर्गापुढें करून दाखविला, तेव्हां मागच्या बांकावरचीं मुलेंहि उठून टेबलाभोंवतीं आलीं. पितळेचा चौरस, सपाट पत्रा मध्यभागीं एका खुंटावर मळसूत्रानें घट्ट बसवावा; वर कोरडी, चाळलेली वाळू अगदीं थोडी भुरभुरावी; गजाला राळ चांगली लावावी. एका बाजूच्या मध्याला बोट टेकून कोपऱ्याजवळ गज ओढला असतां अधिकाच्या चिन्हासारखी फुली उमटते. बोट कोपऱ्यावर ठेवून बाजूच्या मध्यावर गज ओढला तर स्वर चढतो, आणि फुली कोपऱ्यांकडे वळून गुणाकाराच्या चिन्हासारखी होते. स्वर जितका उंच, तितकी आकृति अधिक गुंतागुंतीची. वाळू ओली असल्यास कांहींएक होत नाहीं. पहिल्या खेपेस आमची अशीच फजिती झाली.

इंग्लंडांत रॉबर्ट हूक यानें १६८० सालीं काचेवर पीठ टाकून असाच एक प्रकार पाहिला होता, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु पाहणें वेगळें आणि पाठपुरावा करणें वेगळें. क्लाड्नीनें गोल, चौरस अशा नाना आकारांचे पत्रे घेऊन शेंकडों वेळां प्रयोग केले, प्रत्येक आकृति कागदावर उतरून घेतली, तिच्याबरोबर कोणता स्वर निघाला तेंहि लिहून ठेविलें, आणि १७८७ सालीं हें सर्व ग्रंथरूपानें लाइप्झिग येथें प्रसिद्ध केलें. पुढें त्यानें धातूच्या व लांकडाच्या कांड्या लांबीच्या दिशेनें घासून त्यांच्या स्वरावरून त्या पदार्थांतून नाद किती वेगानें जातो हें काढलें. लोखंडांतला व काचेंतला वेग हवेंतल्या वेगाच्या जवळजवळ १५ ते १७ पट भरला. बांसरीसारख्या नळींत निरनिराळे वायु भरूनहि त्यानें स्वर ऐकले व त्यांतील नादाचा वेग ताडून पाहिला.

ग्रंथानें कीर्ति मिळाली, पैसा मिळाला नाहीं. पत्र्यावरची वाळू एकदां पाहून लोक घरीं जातील. त्यांनीं पुनः पुनः यावें व तिकीट काढावें यासाठीं कांहीं गाणारें, वाजणारें हवें, हें क्लाड्नीनें ओळखलें. फ्रँक्लिनच्या वाद्याच्या वाट्या गोल, नाजूक आणि अवजड. त्यांच्याऐवजीं काचेच्या सरळ कांड्या कां घेऊं नयेत, याचा विचार तो दीर्घकाळ करीत होता. १७८९ सालीं एके सायंकाळीं फिरून थकून आलेला असतां खुर्चींत त्याचा डोळा लागतो न लागतो तोंच ज्या वाद्याचा तो ध्यास घेऊन बसला होता तें त्याच्या डोळ्यांसमोर उभें राहिलें आणि तो खडबडून जागा झाला. पुढच्या वर्षीं तें वाद्य पुरें झालें. त्याचें नांव त्यानें युफोन असें ठेविलें. ग्रीक भाषेंत याचा अर्थ सुस्वर. बोरूएवढ्या जाड काचेच्या कांड्या एका शेजारीं एक बसविलेल्या, वाजविणाऱ्यानें बोटें ओलीं करून त्यांवरून लांबीच्या दिशेनें फिरवावयाचीं. त्या कांड्यांचें कंपन आंत जोडलेल्या धातूच्या कांबींत उतरे व कांबी गाऊं लागत. बाहेरून पाहणाऱ्यास मात्र काच तेवढी दिसे.

तरी त्याचें समाधान झालें नाहीं. बोटें घासून वाजविण्यास श्रम पडत आणि जलद सूर काढतां येत नसत. म्हणून सुमारें दहा वर्षांनीं, १८०० च्या आसपास, त्यानें दुसरें वाद्य सिद्ध केलें, तें क्लाव्हिसिलिंडर. यांत पेटीसारख्या पट्ट्या होत्या, आणि आंत काचेचा एक मोठा दंडगोल पायानें फिरविला जाई. तो सतत ओला ठेवलेला असे. पट्टी दाबली कीं तिच्याशीं जोडलेला भाग फिरत्या काचेला जाऊन टेके आणि घर्षणानें स्वर निघे. पट्टी हलकी दाबल्यास स्वर मंद, जोरानें दाबल्यास मोठा. आणि बोट उचलीपर्यंत तो अखंड चाले. पियानोला जें साधत नव्हतें तें येथें साधलें होतें. ज्यांना हार्मोनियमची संवय आहे त्या आमच्या वाचकांना यांत नवल वाटणार नाहीं. परंतु हार्मोनियम तेव्हां जन्मास यावयाचा होता.

या दोन वाद्यांची अंतर्रचना क्लाड्नीनें कोणालाहि सांगितली नाहीं. वाळूच्या आकृतींचा शोध त्यानें सगळ्या जगाला उघड करून दिला, वाद्यांचें पोट मात्र बंद ठेविलें. हा कोतेपणा नव्हे काय, असें कोणी विचारील. परंतु ज्याला पगार नाहीं, जागा नाहीं, त्याची ही पेटी म्हणजे त्याचा शेतीचा तुकडा होता. दुसऱ्या कारागिरांनीं नक्कल केली असती तर तो उपाशी पडला असता. आणि तशीं वाद्यें करून पाहणारे लोक होतेहि. एका खास बनविलेल्या गाडींत वाद्य, पत्रे आणि पुस्तकें घालून तो गांवोगांव निघे. जर्मनी, डेन्मार्क, रशिया, हॉलंड, फ्रान्स, इटली अशी त्याची फेरी असे. गांवीं पोंचल्यावर तो जाहिरात लावी, वर्गणीदार जमवी, कांहीं दिवस व्याख्यानें देई, वाद्य वाजवून दाखवी आणि पुढच्या गांवीं जाई. लग्न त्यानें केलें नाहीं. जर्मन कवि गटे यालाहि त्याच्या उद्योगाचें मोठें कौतुक होतें व दोघांची भेट झालेली होती.

मध्यंतरीं या माणसानें आणखी एक उद्योग केला, तो सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. १७९३ च्या आरंभीं गटिंगेनला लिख्टेनबर्ग यांच्याशीं आकाशांतून पडणाऱ्या अग्निगोलांविषयीं त्याचें बोलणें झालें. आकाशांतून दगड पडतात ही अडाणी लोकांची समजूत, असें त्या काळचे विद्वान् मानीत. क्लाड्नी सुमारें तीन आठवडे तेथील ग्रंथालयांत बसला आणि निरनिराळ्या शतकांतील, निरनिराळ्या देशांतील लोकांनीं सांगितलेले वृत्तान्त गोळा करूं लागला. ज्यांची एकमेकांशीं गांठ पडणें शक्य नाहीं असे साक्षीदार एकच हकीकत सांगत आहेत, हें त्याच्या ध्यानांत आलें. वडिलांनीं आग्रहानें शिकविलेला कायदा, ज्याला तो कंटाळून सोडून गेला होता, तो येथें असा उपयोगीं पडला! १७९४ सालीं त्यानें लहानसें पुस्तक लिहून, सैबेरियांत पालास या प्रवाशानें पाहिलेलें सुमारें ७०० किलो वजनाचें लोखंडी ढेकूळ व तत्सम दगड पृथ्वीबाहेरून आले आहेत, असें प्रतिपादन केलें. पुष्कळांनीं त्याची टर उडविली. परंतु त्याच वर्षीं इटलींत सिएना येथें, पुढल्या वर्षीं इंग्लंडांत यॉर्कशर प्रांतांत, आणि डिसेंबर १७९८ मध्यें आपल्या काशीजवळ क्राखूट या गांवीं दगड पडले. काशीचे दगड लंडनला गेले. एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञानें १८०२ सालीं ते इतर ठिकाणच्या दगडांबरोबर तपासले, आणि सर्वांतील धातूच्या कणांत निकेल आढळलें. १८०३ सालीं फ्रान्सांत लेग्ल गांवीं सुमारें ३००० दगडांचा वर्षाव झाला. तेव्हां हंसणाऱ्यांचीं तोंडें बंद झालीं.

१८०२ सालीं क्लाड्नीचा ध्वनिशास्त्रावरील मोठा ग्रंथ निघाला. तो फ्रेंच भाषेंत यावा अशी पॅरिसच्या पंडितांची इच्छा होती. १८०८ च्या अखेरीस तो पॅरिसला पोंचला. तेथील विद्वत्सभेनें शास्त्रज्ञ व गायनवेत्ते यांची समिति नेमून त्याचें वाद्य तपासलें आणि अनुकूल अभिप्राय दिला. लाप्लास वगैरेंच्या खटपटीनें फेब्रुवारी १८०९ मध्यें नेपोलियन बादशहानें त्यास राजवाड्यांत बोलाविलें. बादशहा स्वतः गणित जाणणारा. दोन तासपर्यंत तो प्रयोग पाहत व बारकाईनें प्रश्न विचारीत होता. सम्राज्ञी जोसेफीन आणि बादशहाची आई याहि हजर होत्या. क्लाड्नीनें वाद्य वाजविलें आणि पत्र्यावर वाळू नाचविली. दुसऱ्या दिवशीं ग्रंथाच्या फ्रेंच रूपांतरासाठीं ६००० फ्रँक त्याच्या हातीं आले. परक्या भाषेंत लिहिण्याचें काम त्यानें स्वतःच केलें, आणि त्याच वर्षीं ग्रंथ छापून निघाला.

या भेटीचें दुसरें फळ अधिक मोलाचें ठरलें. या आकृतींचें गणित कोणासच सांगतां येत नव्हतें. नेपोलियनच्या इच्छेवरून विद्वत्सभेनें त्यासाठीं ३००० फ्रँकांचें बक्षीस लाविलें. मोठमोठे गणिती मागें सरले. पुढें आली एक स्त्री, सोफी जेर्मेन. लहानपणीं तिनें रात्रीं गणित करूं नये म्हणून आईबापांनीं तिच्या खोलींतील दिवा व शेगडी काढून घेतली होती, असें तिच्या चरित्रांत सांगतात. तिचे पहिले दोन प्रयत्न फसले. तिसऱ्या खेपेस, जानेवारी १८१६ मध्यें, बक्षीस तिला मिळालें. तिचेंहि उत्तर अपुरें होतें. उरलेलें काम १८५० सालीं किर्खहॉफनें केलें.

त्यानंतरचीं वर्षें कष्टाचीं गेलीं. ज्या नेपोलियननें त्याचा सत्कार केला त्याच्याच सैन्यानें १८१३ सालीं विटेनबर्ग धरून ठेविलें, गांवाला वेढा पडला, आणि क्लाड्नीनें जवळच्या केम्बर्ग या खेड्यांत बिऱ्हाड हलविलें. विटेनबर्गचें जुनें विद्यापीठ १८१७ सालीं हाले येथील विद्यापीठांत विलीन झालें. तो मात्र आपली गाडी जुंपून हिंडतच राहिला. १८२१ सालीं, पासष्टीच्या उंबरठ्यावर असतां, त्यानें तीस वर्षें जपलेलें गुपित फोडलें: दोन्हीं वाद्यें कशीं करावयाचीं याची संपूर्ण कृति त्यानें छापून टाकली. कोणासहि तीं आतां करतां आलीं असतीं. पण तोंवर पियानो अधिक जोरदार झाला होता, ऐकणाऱ्यांची रुचि पालटली होती, आणि संथ, करुण स्वरांना कोणी विचारीत नव्हतें. त्याच्या वाद्यांनीं त्याचें पोट भरलें, यापलीकडे तीं टिकलीं नाहींत.

वाळू मात्र टिकली. फिडल करणारे कारागीर आजहि कातलेल्या फळीवर भुकटी पसरून ती कशी कंप पावते हें पाहतात. आणि आपल्याकडचें उदाहरण द्यावयाचें तर सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांचें. मृदंग व तबला यांच्या चामड्यावरील काळ्या शाईमुळें त्यांतून तारेसारखे सुसंवादी स्वर कसे निघतात, हें शोधतांना त्यांनीं १९३४ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत चामड्यावर वाळू पसरून उठविलेल्या आकृति दिल्या आहेत. जर्मनींतील एका बेकार वकिलाची युक्ति आपल्या मृदंगाच्या उपयोगीं पडली.

१८२७ च्या वसंतऋतूंत क्लाड्नी व्याख्यानांसाठीं ब्रेस्लाउ शहरीं गेला होता. वय सत्तर. एप्रिलच्या आरंभीं एके रात्रीं, मित्रमंडळींत गप्पागोष्टी करून बिऱ्हाडीं परतल्यावर, त्याला अर्धांगाचा झटका येऊन मृत्यु आला. आयुष्यभर जमविलेला आकाशांतल्या दगडांचा संग्रह त्यानें मृत्युपत्रानें बर्लिनच्या विद्यापीठास दिला होता. ते दगड तेथील सृष्टिसंग्रहालयांत अजून पाहावयास मिळतात.